टी-५५ चा इंजिन बे: रंगाचा डबा सगळ्यात शेवटी उघडा

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की नाशिकरोडच्या तुमच्या शाळेला काही वर्षांपूर्वी सैन्याकडून टी-५५ रणगाडा मिळाला, चौथऱ्यावर उभा केला, बाहेरून अधूनमधून रंग मारत आलात, आणि आता पहिल्यांदाच मागचा डेक, म्हणजे इंजिनवरची झाकणं, उघडून बघितला तर आत काळं पाणी, कुजलेला पाला, कबुतरांची घाण, गंज, आणि या सगळ्यात इंजिन मात्र जागेवर. तो कप्पा पोरांना दाखवता येईल असा करायचाय, त्यासाठी प्रेशर वॉशर मारून, सँडब्लास्ट करून, रंग द्यायचा विचार आहे आणि जमलंच तर इंजिन चालू करायचंय. मी ईएमईमध्ये, म्हणजे सैन्याच्या यंत्रदुरुस्ती शाखेत, रणगाड्यांच्या इंजिनांवरच नोकरी केली, आता अंबडला डिझेलचं वर्कशॉप आहे आणि चौथऱ्यावरच्या गाड्यांची कामं ओळखीतून येत राहतात, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

प्रेशर वॉशर आणि सँडब्लास्ट दोन्ही आत्ताच्या आत्ता थांबवा. ठेकेदाराला आगाऊ पैसे दिले असतील तरी थांबवा. का ते पुढे येईलच.

आधी इंजिनचं बोलू कारण सगळ्यांचं मन तिथंच अडकलेलं असतं. टी-५५ मध्ये व्ही-५५ नावाचं बारा सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे, साधारण ३८.८ लिटरचं, २००० आरपीएमला ५८० हॉर्सपॉवर, आणि ते गाडीत आडवं बसवलंय म्हणजे क्रँकशाफ्ट डावीकडून उजवीकडे जातो. याचं मूळ दुसऱ्या महायुद्धातल्या टी-३४ च्या व्ही-२ इंजिनात आहे आणि आपल्या टी-७२ मधलं ७८० हॉर्सपॉवरचं इंजिनसुद्धा त्याच घराण्यातलं, म्हणजे तुमच्या शाळेच्या आवारात एका फार मोठ्या वंशावळीतला एक जण उभा आहे आणि तो आतून शाबूत आहे ही खरंच भाग्याची गोष्ट आहे, कारण बऱ्याच ठिकाणी गाडी देताना इंजिन काढून घेतलेलं असतं आणि डेकखाली नुसती पोकळी असते. ते चालू होईल का? माझं स्पष्ट मत, चालू करायच्या मागे लागू नका. हाताने फिरेल इतपत मोकळं करा, आतून तेल पोचवा, आणि तिथंच थांबा. हाताने फिरणारं, आतून तेलकट, बाहेरून स्वच्छ इंजिन पुढची पन्नास वर्षं टिकतं. ओढूनताणून एकदा चालू केलेलं आणि मग तसंच सोडलेलं इंजिन दोन पावसाळ्यात पुन्हा जाम होतं, कारण डिझेल जळताना पाणी तयार होतं, ते ओलसर आणि आम्लयुक्त अवशेष आत राहतात आणि नंतर त्याला कोणी हात लावत नाही.

त्यात धोकाही आहे. जुन्या इंजेक्शन पंपाची रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी, फुल डिझेलच्या जागी अडकलेली असली तर इंजिन सुरू होताच पळत सुटतं आणि चावी बंद करून डिझेल इंजिन थांबत नाही, हवा तरी कोंडावी लागते नाहीतर डिझेल तरी तोडावं लागतं, आणि ते करायला माणूस त्याच कप्प्यावर वाकलेला असतो. सिलिंडरमध्ये पाणी असलं आणि स्टार्टर मारला तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि या गाडीत बॅटरीच्या स्टार्टरबरोबरच हवेने स्टार्ट करायची सोय आहे, १५० किलो प्रेशरच्या हवेच्या बाटल्या असतात, त्या जुन्या बाटल्या हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) केल्याशिवाय भरणं म्हणजे शाळेच्या आवारात बॉम्ब ठेवणं. भरूच नका. वाल्व हळू उघडून रिकाम्या आहेत ना एवढी खात्री करा आणि तशाच राहू द्या.

आता कामाची सुरुवात. पहिलं काम कागदांचं आहे. गाडी ज्या पत्रावर मिळाली ते पत्र काढा आणि कशाला परवानगी आहे ते वाचा. काही कापायचं, वेल्डिंग करायचं, सुटं करून बाहेर न्यायचं असेल तर ज्यांनी दिली त्यांना लेखी कळवून मगच. ते लोक अशा कामाला नाही म्हणत नाहीत, उलट कोणीतरी काळजी घेतंय म्हणून आनंदच होतो त्यांना. आणि सुटे पार्ट बाहेरून मिळवायच्या फंदात पडू नका, भंगारात रणगाड्याचा पार्ट दिसला तरी तो तिथं कसा आला हे तुम्हाला माहीत नसतं.

दुसरं, आत उतरायच्या आधी टॉर्च मारून नीट बघा. साप, विंचू, गांधीलमाशांचं पोळं, हे सगळं मी रणगाड्यात बघितलंय, विशेषतः सायलेन्सरच्या तोंडात आणि रेडिएटरखाली. मग आग विझवायचे सिलिंडर आत आहेत का बघा. टी-५५ मध्ये इंजिन कप्प्यात आपोआप आग विझवणारी यंत्रणा असते, त्यातलं रसायन विषारी असतं आणि सिलिंडरच्या तोंडावर छोटं स्फोटक कारतूस असतं. गाडी देताना हे काढलेलं असायला हवं, पण असायला हवं आणि आहे यात फरक असतो. दिसले तर हात लावू नका, फोन करून गाडी देणाऱ्या युनिटला बोलवा. तिसरी गोष्ट अ‍ॅस्बेस्टॉस. एक्झॉस्टच्या पाइपांवर गुंडाळलेली पांढुरकी-करडी पट्टी, जुनी गॅस्केटं, क्लच आणि ब्रेकची लायनिंग, हे सगळं अ‍ॅस्बेस्टॉस समजूनच वागायचं. कोरडं खरवडायचं नाही, पाण्याचा फवारा मारून ओलं करायचं, जाड पिशवीत बंद करायचं, तोंडाला साधा कापडी मास्क नाही तर पी-१०० फिल्टरवाला रबरी मास्क. जुन्या थरांत शेंदरी रंगाचा शिशाचा प्रायमर सापडला तर त्यालाही हेच. आणि हे होईपर्यंत पोरांना जवळ येऊ द्यायचं नाही, अगदी बघायलासुद्धा नाही.

आता डेक. मागच्या झाकणांची चिलखती प्लेट जड असते, बिजागऱ्या गंजलेल्या असतात, उघडल्यावर जो टेकू लागतो त्यावर भरवसा ठेवू नका. तुम्ही म्हणालात चार जणांनी पहार लावून उघडलं, ते पुन्हा करू नका. हायड्रा क्रेन बोलवा, पट्ट्यांनी उचला, आणि उघडल्यावर खाली लोखंडी टेकू देऊन पिनने लॉक करा. रेडिएटरही बिजागरीवर वर उलटतो म्हणजे खालचा गिअरबॉक्स दिसतो, पण आधी बिजागरीत दोन-तीन दिवस तेल मुरू द्या आणि रेडिएटरमध्ये, पाइपांत पाणी राहिलंय का बघून काढून टाका, भरलेला रेडिएटर उचलायचा नाही.

उघडलं की फोटो. खूप फोटो. वरून, चारही बाजूंनी, प्रत्येक पाइपच्या दोन्ही टोकांचे, प्रत्येक क्लिपचे, वायर कुठून कशी वळते त्याचे. मग प्रत्येक सुट्या होणाऱ्या भागाला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, त्यावर पंचने नंबर, तोच नंबर वहीत. कागदी चिठ्ठी आणि मार्कर केरोसिनमध्ये पुसून जातात म्हणून पंच. डावं-उजवं लिहायला अजिबात विसरू नका, कारण या इंजिनात दोन्ही बाजू सारख्या दिसल्या तरी सारख्या नाहीत, एका बाजूचा पिस्टन १८० मिलिमीटर चालतो आणि दुसऱ्या बाजूचा १८६.७, कारण एका बाजूचे रॉड दुसऱ्या बाजूच्या मुख्य रॉडलाच पिनने जोडलेत. बाहेरून हे कळत नाही.

याच वेळी जुन्या खुणा शोधायच्या. ओव्हरहॉलची प्लेट, ठोकलेले नंबर, इंजेक्शन पंपावरचं शिशाचं सील, पाइपांवरचे रंगाचे पट्टे, स्टेन्सिलची अक्षरं, एखाद्या क्राफ्ट्समनने ग्रीस पेन्सिलने लिहिलेला आकडा. हे सगळं घाण म्हणून पुसलं जातं. माझ्या दृष्टीने कप्प्यातली सगळ्यात मौल्यवान गोष्ट हीच, कारण नट-बोल्ट पुन्हा बनवता येतात पण रात्रीच्या शिफ्टला काम करून सही ठोकणारा माणूस परत आणता येत नाही. म्हणूनच सँडब्लास्टला माझा एवढा विरोध आहे. वाळूचा मारा दोन मिनिटांत पन्नास वर्षांच्या खुणा उडवतो, वरून ती वाळू इंजिनच्या प्रत्येक फटीत, बेअरिंगमध्ये, लिंकेजमध्ये जाऊन बसते आणि नंतर ग्राइंडिंग पेस्टचं काम करते, आणि सिलिकाची धूळ मारणाऱ्याच्या फुप्फुसात जाते ते वेगळंच.

आता पाणी. यावर मी जास्त लिहिणार आहे कारण कप्प्याचं सगळं दुखणं इथून सुरू होतं आणि रंगवाल्या माणसाला हे दिसतच नाही.

रणगाड्याचा इंजिन कप्पा वरून उघडा असतो. रेडिएटरला हवा लागते, ती डेकवरच्या लूव्हरमधून, म्हणजे झडपांच्या जाळीतून आत ओढली जाते आणि मागचा मोठा पंखा ती बाहेर फेकतो. पाऊसही त्याच जाळीतून सरळ खाली येतो. आणि तळ मात्र बंद, कारण गाडीला नदी ओलांडायची असते. वरून उघडं, खालून बंद, म्हणजे परातच झाली. चालत्या गाडीत याने काही बिघडत नाही, इंजिनच्या उष्णतेने कप्पा वाळतो, आणि क्रू मेंटेनन्सला तळाचे प्लग उघडून साचलेलं काढून टाकतो. चौथऱ्यावर यातलं काहीच होत नाही. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, नाशिकरोडला त्यामानाने बराच कमी, पण परातीला तेवढाही पुरतो. त्यात झाडाचा पाला पडतो, पाला कुजून चिखल होतो, तो चिखल स्पंजसारखं पाणी धरून ठेवतो आणि मग मार्च-एप्रिलमध्येसुद्धा तळ आतून ओलाच. वरचं तेल पाण्यावर तरंगतं, लोकांना वाटतं तेल आहे म्हणजे गंजणार नाही, पण खाली तळाशी पाणीच असतं.

म्हणून रंगाच्या कितीतरी आधी तळाचे प्लग आणि झाकणं शोधा. हलच्या, म्हणजे रणगाड्याच्या चिलखती सांगाड्याच्या, पोटाला तेल, पाणी, डिझेल काढायला वेगवेगळे प्लग-झाकणं असतात. टी-५५ चं पोट जमिनीपासून साधारण ४२ सेंटिमीटर वर असतं, चौथरा सपाट असला तर बाजूने लांब एक्स्टेंशन लावून पोचता येतं. माणूस पोटाखाली सरपटत पाठवू नका, ३६ टनाची गाडी आहे, टॉर्शन बार (चाकांना स्प्रिंगसारखे पेलणारे दांडे) तुटलेले असू शकतात. पुष्कळ ठिकाणी चौथरा बांधताना पोटाखाली काँक्रीटचा ओटा देतात आणि नेमके प्लग त्यावर दाबले जातात. तुमच्याकडे तसं असेल तर ओटा फोडून वाट काढावी लागेल, पण ते गवंड्याचं काम आहे, करून घ्या, त्याच्याशिवाय बाकी सगळं वाया आहे. एका संस्थेची गाडी मला माहीत आहे, वरून सुंदर रंग, आत चकचकीत सिल्व्हर पेंट मारलेलं इंजिन, आणि गिअरबॉक्सच्या अर्ध्यापर्यंत पाणी. कोणी कधी टॉर्च मारून खाली बघितलंच नव्हतं.

प्लग गंजलेले असणार. आधी वायर ब्रश, मग अर्धं डिझेल अर्धं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) असं मिश्रण दोन-चार दिवस मुरवा, मग पाना. गॅस कटरने तापवायचा मोह आवरा, वर काळं तेल आणि त्याची वाफ आहे. निघणारं पाणी-तेल ड्रममध्येच घ्यायचं, एक थेंब गटारात नाही. शाळेजवळचं गटार शेवटी गोदावरीलाच मिळतं. जुनं तेल हा धोकादायक कचरा आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या रीसायकलरलाच द्यायचं आणि त्याची पावती घ्यायची. अंबड-सातपूरच्या कोणत्याही मोठ्या कारखान्यात विचारा, त्यांच्याकडे येणारी गाडी कोणाची ते सांगतील.

पाणी गेलं की चिखल. तो हातानेच काढायचा, लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने, छोट्या डब्यांनी, आणि प्रत्येक डबा चाळून बघायचा कारण तळाशी पडलेले नट, स्प्लिट पिना, क्लिपा, कधीकधी स्पॅनरसुद्धा सापडतात. सापडलेलं सगळं ठेवा. हे काम सावकाश करणारी दोन माणसं बघा. सातपूरच्या आयटीआयची डिझेल मेकॅनिकची पोरं यासाठी उत्तम, त्यांना शिकायला मिळतं, आणि ती या गाडीच्या प्रेमात पडतात, पुढे स्वतःहून येत राहतात.

धुलाई करताना केरोसिन आणि नायलॉनचा ब्रश, मग कोमट पाणी आणि साधं लिक्विड सोप, मग लगेच कोरड्या हवेने वाळवणं. पेट्रोल किंवा थिनरने धुवायचं नाही, कप्प्यात वाफ साठते आणि एका ठिणगीत सगळं पेटतं. केरोसिनलाही पंखा लावून हवा खेळती ठेवा आणि बॅटऱ्या असतील तर आधी काढून टाका. प्रेशर वॉशर का नको, तर ते पाणी कनेक्टरमध्ये, जनरेटरमध्ये, एअर क्लीनरमध्ये, सील जुने असतील तिथे बेअरिंगमध्ये घुसतं आणि रेडिएटरच्या पात्या आडव्या होतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कॉस्टिक सोडा. आपल्याकडे गॅरेजवाले सुटे पार्ट कॉस्टिकच्या उकळत्या टाकीत टाकतात, ट्रकच्या बिडाच्या ब्लॉकला ते चालतं. या इंजिनाचा क्रँककेस, हेड, सगळं अ‍ॅल्युमिनियमचं आहे, कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खाऊन टाकतं. ज्याला काम द्याल त्याला हे तोंडी सांगा, लिहूनही द्या, आणि पार्ट त्याच्याकडे गेला की जाऊन बघा.

अ‍ॅल्युमिनियममध्ये स्टीलचे स्टड आणि त्यात वर्षानुवर्षं पाणी, हे दोन धातूंचं मिश्रण वाईट असतं, पांढरी पावडर फुगून स्टड जाम होतात. जोर लावला की अ‍ॅल्युमिनियमचे आटे घेऊन बाहेर येतात. म्हणून जे उघडायची गरज नाही ते उघडू नका. प्रदर्शनासाठी हेड काढायची काहीएक गरज नाही. बारा इंजेक्टर काढता आले तर काढा, तेवढं पुरेसं आहे, आणि त्यातला एखादा अडला तर तोही राहू द्या.

इंजेक्टर निघाल्यावर प्रत्येक भोकातून एंडोस्कोप घालून बघा, मोबाइलला जोडायचा स्वस्तातला मिळतो. लाइनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, लाल गंज दिसेल, बहुतेक एक-दोन सिलिंडरमध्येच जास्त, कारण एक्झॉस्टचं तोंड डाव्या बाजूला उघडं असतं, पाणी तिथून आत येतं आणि ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट वाल्व त्या वेळी उघडा राहिला होता त्यात उतरतं. पाणी असलं तर पिचकारीने ओढून घ्या, मग तेच डिझेल-एटीएफ मिश्रण प्रत्येकात ओता आणि वाट बघा. आठवडे लागू द्या. अधूनमधून पुन्हा ओता. मग क्रँक हाताने, लांब दांड्याने, आधी उलटा थोडा, मग सुलटा थोडा. हायड्राने ओढून, गाडी ढकलून, चेन ब्लॉक लावून फिरवायचं नाही. हाताला लागेल तेवढाच जोर, त्याहून जास्त लागत असेल तर अजून तेल आणि अजून दिवस. फिरवायच्या आधी गिअर न्यूट्रलला आहे याची खात्री, नाहीतर तुम्ही इंजिन नाही, अख्खी गाडी फिरवायला बघताय.

एकदा पूर्ण फेरा झाला की ऑइलिंग. या इंजिनाला ड्राय संप आहे, तेल खाली संपमध्ये नाही तर वेगळ्या टाकीत असतं, आणि स्टार्ट करायच्या आधी विजेच्या पंपाने तेलाचं प्रेशर किमान दोन किलो आणायचं असा नियमच होता. हीच सोय आपल्या कामाची आहे. टाकी धुऊन त्यात नवं तेल टाका, बाहेरून २४ व्होल्टचा सप्लाय देऊन तो पंप चालला तर उत्तम, नाही चालला तर बाहेरचा छोटा पंप त्या लाइनला जोडा, आणि तेल फिरत असतानाच क्रँक हळूहळू फिरवत राहा म्हणजे प्रत्येक बेअरिंगला तेल पोचतं. सिलिंडरमध्ये वरून गंजरोधक तेल फवारा, इंजेक्टर परत बसवा, एक्झॉस्ट आणि एअर क्लीनरची तोंडं आतून प्लेट लावून बंद करा. इंजिनाचं काम इथं संपलं.

नट-बोल्टबद्दल एक नाशिकचीच गोष्ट सांगतो. रशियन आटे मेट्रिक असले तरी पुष्कळ ठिकाणी पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, बारीक असते, आपल्या हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट दोन आटे जातो आणि मग अडतो, आणि पाना मारून घुसवला की भोक गेलं. थ्रेड पिच गेज लावल्याशिवाय कोणताही बोल्ट बदलू नका. आपल्याकडे ओझरला एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) विमान कारखान्यात १९६० च्या दशकापासून कित्येक वर्षं मिग विमानं बनली, तिथून निवृत्त झालेले फिटर आणि टूलरूमची माणसं आडगाव, ओझर, पिंपळगाव भागात भेटतील, त्यांचे हात रशियन हार्डवेअरवरच तयार झालेत. शोधून एखाद्याला विनंती करा. बोल्ट तर करून देतीलच, पण लॉकिंग वायर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार) बांधायचं काम त्यांच्याइतकं देखणं कोणी करत नाही, वायर बोल्टला नेहमी आवळायच्या दिशेने ओढणारी पाहिजे, पीळ एकसारखा पाहिजे, आणि दाखवण्याच्या इंजिनावर हे बघणाऱ्याच्या पहिल्याच नजरेत भरतं.

रबरी होज दगड झालेले असतील, ते बदला, हायड्रॉलिक होजवाले सातपूरला पाहिजे त्या मापाचे करून देतात. जुन्या होजच्या क्लिपा मात्र त्याच वापरा, चमकणाऱ्या स्टेनलेसच्या वर्म ड्राइव्ह क्लिपा लगेच डोळ्यात खुपतात. वायरिंग तुटलं असेल तर जागेवर बांधून ठेवा, करंट द्यायचा नाही.

गंज काढायला हलच्या तळाला वायर ब्रश, स्क्रेपर, आणि हट्टी जागी फॉस्फोरिक अ‍ॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर, पण अ‍ॅल्युमिनियमपासून लांब. छोटे लोखंडी ब्रॅकेट, क्लिपा यांना धुण्याचा सोडा टाकलेल्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून गंज काढता येतो, दुसऱ्या टोकाला साधं लोखंडच लावा, स्टेनलेस लावलं तर विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं, आणि हे उघड्यावर करायचं कारण हायड्रोजन निघतो.

आता कुठे रंग. आधी प्रत्येक मोठ्या भागावर एका लपलेल्या कोपऱ्यात रुपयाएवढी जागा बारीक वॉटर पेपरने हळूहळू घासा, थरांची वर्तुळं दिसतील, सगळ्यात खालचा कारखान्याचा, वरचे आपल्या बेस वर्कशॉपचे. कोणता थर दाखवायचा ते तुम्ही ठरवा. मी स्वतः आपल्या सैन्यातल्या शेवटच्या ओव्हरहॉलचा थर धरतो कारण गाडीची नोकरी आपल्याकडे झाली, इतिहास आपला आहे. जिथे जुना रंग पक्का आहे तिथे नवा मारायचाच नाही, नुसतं धुऊन पातळ मेणाचा हात. उघड्या लोखंडाला झिंक फॉस्फेट इपॉक्सी प्रायमर, अ‍ॅल्युमिनियमला गरज पडली तरच एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन धरणारा, एक्झॉस्टला उष्णता झेलणारा रंग. हेडवर सिल्व्हर पेंट फासू नका, धुतलेलं करडं अ‍ॅल्युमिनियम तसंच छान दिसतं. आणि नाशिकच्या हवेत रंगकाम दिवाळी ते मे याच काळात. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर नाही, आणि लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त पाहिजे, डिसेंबरमध्ये आपल्याकडे सकाळी थंडगार चिलखतावर डोळ्याला न दिसणारं दव असतं, म्हणून अकरापर्यंत थांबा. एवढं जाड पोलाद तापायला वेळ घेतं.

यापुढे पाणी आत यायला नको हे बघायचं. ताडपत्री टाकू नका, तिच्याखाली वाफ कोंडते आणि उघड्यापेक्षा लवकर गंजतं. छप्पर करा, चारी बाजू मोकळ्या, पत्र्याला उतार, आणि पत्रा गाडीच्या बाहेर चांगला दीड-दोन मीटर आलेला, कारण आपला पाऊस तिरका येतो. पैशांची सोय होईपर्यंत लूव्हरच्या झडपा मोकळ्या करून बंद स्थितीत ठेवा, जाळीवर बारीक स्टीलची जाळी टाका म्हणजे पाला आणि कबुतरं तरी अडतील, आणि तळाचा एक प्लग कायमचा उघडा ठेवून त्यालाही जाळी लावा. वर्षातून दोनदा, मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरमध्ये, डेक उघडून टॉर्च मारायची, आणि तेव्हाच तेल फिरवत क्रँक पूर्ण फेऱ्याहून थोडा जास्त फिरवून थांबवायचा, म्हणजे पिस्टन दरवेळी वेगळ्या जागी उभे राहतात. याची वही ठेवा आणि ती कोणा एकाच्या नाही, शाळेच्या कपाटात ठेवा, बदल्या होतात.

काम सुरू करायच्या आधी जमलं तर नगरच्या रणगाडा संग्रहालयात एकदा जाऊन या, १९९४ पासून आहे, सिन्नर-शिर्डी करून एका दिवसात होतं. तिथे वेगवेगळ्या देशांचे रणगाडे शेजारी शेजारी आहेत, मागच्या डेकची रचना प्रत्येकात कशी वेगळी ते नीट बघा, पोरांना समजावून सांगायला उपयोगी पडेल.

आणि दाखवताना डेक उघडा ठेवणार असाल तर टेकू वेल्ड करू नका, पिनचा लॉक आणि वर कुलूप. वर चढायला बाजूने रेलिंग असलेला जिना करा, पोरं ट्रॅकवरून चढता कामा नयेत. कप्प्यावर जाड अ‍ॅक्रिलिक, चारी बाजूंनी थोडी फट सोडून, नाहीतर आतून धुकं धरतं. आत एलईडीची पट्टी, १२ व्होल्टची. आणि बोर्डवर नुसतं रणगाड्याचं नाव नको, इंजिनाचा नंबर आणि ओव्हरहॉलची तारीख प्लेटवरून जशीच्या तशी उतरवून लिहा. प्लेट वाचता येत नसेल तर घासू नका, कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या आणि तिरक्या उजेडात फोटो काढून मला पाठवा, मी वाचून देतो.